दवाळ, वणवा आणि टाकीखालचा फळा

आमच्या गावात पाण्याच्या टाकीखाली भिंतीवर रंगवलेला एक काळा फळा आहे. घरकुलाच्या याद्या लिहायला ग्रामपंचायतीने तो करून घेतला होता. आता नोव्हेंबरपासून जूनपर्यंत रोज दिवेलागणीच्या आधी मी त्यावर चार-पाच ओळी लिहिते. रात्री आभाळ कसं राहील, वारा आहे की पडला, खालच्या वावरात जमिनीलगत पारा कुठवर उतरला होता. उन्हाळा लागला की, उद्या दुपारी कोणी काडी ओढायची की नाही.

परवा शेजारच्या वहिनी पाण्याला आल्या होत्या. म्हणाल्या, "मोबाइलवर सारं येते ना वो आता. तू कायले रोज खडू घेऊन उभी रायतं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. घागर भरेपर्यंत सांगून व्हावं असं ते नाहीच. म्हणून इथे लिहिते.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाताना घाट लागायच्या आधी आत वळावं लागतं. वरच्या अंगाला, गावाला लागून, आमचा तीन एकरांचा संत्र्याचा बगीचा. खाली नाल्याकाठी दोन एकर वावर, त्यात तूर आणि चना. नाला ओलांडला की जंगल सुरू होतं. साग, मोह, पळस, तेंदू आणि त्यांच्या बुडाशी कमरेएवढं गवत. मेळघाटची ही अगदी कडेची पट्टी. बगीच्यातून खालच्या वावरात जायला दहा मिनिटं पुरतात आणि उंचीतला फरक म्हणाल तर एखाद्या दुमजली घराएवढा. एवढ्याशा फरकात काय काय असतं ते मला लग्न होऊन बावीस वर्षं झाल्यावर कळलं.

२०१८ चा डिसेंबर ज्यांनी विदर्भात काढला त्यांना तो आठवत असेल. २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले, तिथल्या नोंदीतला तोवरचा नीचांक. पेपरात शेकोट्यांचे फोटो येत होते. थंडीच्या लाटेचा इशारा मीही वाचला होता. वाचून काय केलं? मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, घोंगडी कोठीतून काढली, वासराला गोठ्यात आत बांधलं, खिडकीच्या फटीला पोतं लावलं. इशारा माणसांसाठी आणि ढोरांसाठी आहे असं मी धरून चालले होते. तुरीचं मनातच आलं नाही. तूर तेव्हा शेंगांनी लदलेली होती, दाणा भरत होता.

त्या संध्याकाळी मामाजी ओसरीत बसून म्हणाले, "आभाय पाय कसं धुतल्यावानी हाये. वाराबी पडला. आज दवाळ जाते, बाई." दवाळ म्हणजे पिकावर गोठणारं दव. ओलित करून, म्हणजे वावराला पाणी देऊन, ठेवा असंही ते म्हणाले. पण त्या आठवड्यात पंपाची तीन फेजची लाइन रात्री बाराला यायची. एवढ्या थंडीत, नाल्याकाठी, बिबट्याच्या वाटेवर कोण जाईल, असं आमच्या घरात बोलणं झालं आणि दिवे मालवले. मीही काही बोलले नाही.

सकाळी सात वाजता खाली उतरले. बगीच्यातून जाताना पानांवर नेहमीसारखं दव होतं, ओलं, लुगड्याचा काठ भिजवणारं. नाल्याच्या उताराला लागले तसं पायाखालचं गवत कुरकुरायला लागलं. वाकून पाहिलं तर प्रत्येक पात्याच्या कडेला बारीक मिठासारखे पांढरे कण उभे. बोट लावलं की पाणी. चन्याचे शेंडे पांढरे, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, विसरलेलं पोतं पांढरं आणि इतकं ताठ की उचललं तर पाटीसारखं उभं राहिलं. तूर मात्र हिरवीगार दिसत होती, उलट नेहमीपेक्षा जास्त चकाकत होती. मला वाटलं, वाचलो.

मग ऊन वर आलं. नऊच्या सुमारास पानं मऊ पडायला लागली, उकळतं पाणी ओतल्यावर भाजी पडते तशी. दुपारपर्यंत काळपट झाली. शेंग सोलून पाहिली तर आतला दाणा पाणचट, काचेसारखा आरपार. रात्री पानांतलं पाणी गोठतं, आतल्या आत त्याचं बर्फ होतं, पेशी फाटतात, आणि ऊन लागलं की फाटलेलं सगळं एकदम गळून जातं. हे मी नंतर शिकले. त्या दिवशी फक्त वास आला होता, शिजलेल्या पाल्यासारखा, तो अजून नाकात आहे. दोन एकरांत जिथे अकरा क्विंटल तूर व्हायची तिथे तीन झाली, तीही सुरकुतलेली.

पण त्या जळालेल्या वावरात एक गोष्ट होती, तिने माझी झोप घेतली. वावराच्या मधोमध एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या फांद्या जिथवर पसरल्या आहेत बरोबर तेवढ्या गोलातली तूर हिरवी राहिली होती. एरवी सावलीमुळे तिथली तूर आम्ही कमजोर म्हणायचो. आणि वरच्या धुऱ्याला लागून, जरा उंचावर, तुरीची दोन तासं, म्हणजे ओळी, हिरवी होती. बाकी सगळं काळं. एकाच रात्रीची थंडी, एकच वावर, एकच बियाणं.

मी विचारत सुटले. कृषी सहायकांना, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिवारफेरीला आलेल्या एका मॅडमना. प्रत्येकाने थोडं थोडं सांगितलं आणि हळूहळू ते जुळत गेलं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती ऊब परत खाली पाठवतात. वारा असला तर वरची जरा उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत राहते. दोन्ही नसले, आणि हवा कोरडी असली, की जमीन आणि पानं हवेपेक्षाही गार होत जातात. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि खोलगट जागी साचते. आमचं खालचं वावर म्हणजे त्या हवेचं डबकं. कडुलिंबाखालच्या तुरीला आभाळ दिसत नव्हतं, म्हणून ती वाचली. मामाजी आभाळ पाहून आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन बोलले ते अगदी याच हिशेबाने, फक्त त्यांनी तो कधी असा मांडला नव्हता. उत्तरेत पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वातावरण, येऊन गेला की दोन दिवस गार वारं सुटतं, ते ज्या रात्री थांबतं ती रात्र धोक्याची, हेही त्यांना ठाऊक होतं. "वारं हाये तोवर भेव नाई," म्हणायचे.

दुसरी गोष्ट कळली ती इशाऱ्यातल्या आकड्याबद्दल. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, मोकळ्या सपाट जागी. सगळीकडचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ती पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी कमी झालं की ते थंडीची लाट म्हणतात. ४ अंशांपर्यंत उतरलं तर सरासरी न पाहताही लाट. यात कुठेच चूक नाही. पण पेटीत ६ अंश असताना आमच्या खोलगट वावरात तुरीच्या पानावर किती असेल, हे त्या आकड्यात येत नाही. ते इथेच कोणीतरी मोजायला हवं.

म्हणून पुढच्या दिवाळीनंतर अमरावतीहून दोन कमाल-किमान तापमापक आणले. गावातल्या सुतारदादांनी एकासाठी झडपांची पेटी करून दिली. ती बगीच्याच्या कडेला चार फुटांवर लावली. दुसरा तापमापक खालच्या वावरात दोन बेचक्यांवर आडवा ठेवला, जमिनीपासून चार बोटं उंच, आभाळाकडे उघडा. शंभर पानांची वही केली. पहिल्या हिवाळ्यात मी फक्त लिहीत गेले, कोणाला काही सांगितलं नाही. ढगाळ रात्री दोघांत अंशाचा फरक. वारं असलं तर दोनाचा. आभाळ मोकळं आणि वारं पडलेलं असलं की पाच, सहा. एका रात्री वरच्या पेटीत ८ आणि खाली १ होतं. तो आकडा वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, कारण त्या दिवशी मोबाइलवर आमच्या जिल्ह्याला कुठलाच इशारा नव्हता, आणि नियमाने असायचं कारणही नव्हतं.

माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याने सांगितलं की अमेरिकेत हवामान खातं याचे दोन वेगळे इशारे देतं. एक हवाच शून्यावर जाणार असेल तेव्हाचा, आणि दुसरा हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी मोकळ्या, शांत रात्री जमिनीलगत दव गोठेल तेव्हाचा. दुसऱ्यासाठी तिथे वेगळा शब्द आहे. मला ते ऐकून फार बरं वाटलं. आमच्याकडेही वेगळा शब्द आहेच, दवाळ. तो फक्त मोबाइलपर्यंत पोचलेला नाही.

उपायांबद्दल माझं मत सांगते. संध्याकाळी हलकं ओलित सगळ्यात खरं. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्रभर हळूहळू सोडते. वहीतल्या नोंदींत ओलित केलेल्या भागात पारा दोन अंश वर दिसला आहे. धुराबद्दल मात्र माझं आणि मामाजींचं शेवटपर्यंत जमलं नाही. ते धुऱ्याधुऱ्यावर ओला काडीकचरा पेटवायला सांगायचे. धूर खाली पसरतो, डोळ्यांना दिसतो, काहीतरी केल्याचं समाधान देतो. पण जमिनीतून निघणारी ऊब अडवण्याइतका तो दाट नसतो. फायदा होतो तो जाळाच्या उबेचा, तोही जाळाजवळच्या चार ओळींना. आणि जंगलाच्या कडेला रात्री आठ ठिकाणी जाळ सोडून झोपायचं, ही मला परवडणारी गोष्ट वाटत नाही. मामाजी आता नाहीत. हे असं लिहिताना जीव जड होतो.

आता वणव्याचं.

नाल्याच्या दोन्ही काठांना एरवी फेब्रुवारी संपेपर्यंत हिरवं गवत असायचं. खाली ओलावा असतो ना. वावर सोंगून झालं, पलीकडे जंगलातलं गवत वाळून पिवळं पडलं, तरी मधे ही हिरवी पट्टी राहायची, कुठे दहा हात, कुठे वीस हात रुंद. आमची ढोरं तिथे चरायची. ती पट्टी कुंपण आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिने ते काम कधी बोलून दाखवलं नव्हतं.

डिसेंबरच्या त्या दवाळाने तुरीसोबत नाल्याचं गवतही गेलं. तूर गेल्याच्या दुःखात त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. जानेवारीत ते तांबूस झालं, फेब्रुवारीत पांढरट, उभंच्या उभं वाळलेलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हे आणि माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, धुरा जाळायला गेले. वाळलेल्या तुराट्या, काटेरी झुडपं, तण. दरवर्षी जाळायचो. जेवण करून दुपारी एकला गेले. सकाळी मी मोबाइलवर हवामान पाहिलं होतं, कमाल ३८, इशारा काही नाही. दोनच्या सुमारास मी गोठ्यात कुटार टाकत होते तेव्हा भासऱ्यांची हाक आली. ती हाक मी पुन्हा कधी ऐकू नये. एक वावटळ आली होती, तिने जळत्या तुराट्या उचलून नाल्याकाठच्या गवतात टाकल्या. पूर्वी असं झालं की ठिणगी हिरव्या गवतात विझायची. या वेळी विझली नाही. मी पोचले तेव्हा आग नाला ओलांडून पलीकडच्या उताराला लागली होती.

उताराने वर जाणारी आग मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात, त्याला पेटण्याआधीच भाजून कोरडं करतात. चढ वाढला की वेग वाढतो. दहा अंशांच्या चढाला तो दुपटीच्या आसपास जातो असं नंतर वाचलं. माणूस चढावर धापा टाकतो तिथे आग धावते. आवाज पाऊस आल्यासारखा. गावातली वीस-पंचवीस माणसं धावून आली, पळसाच्या डहाळ्या, ओली पोती घेऊन. वनविभागाची माणसं तासाभरात आली. त्यांनी पुढे जाऊन ब्लोअरने पालापाचोळा उडवून पट्टा मोकळा केला, त्याला जाळरेषा म्हणतात, तिथवर आग येऊ दिली आणि तिथे ती धरली. विझायला रात्रीचे आठ वाजले. सात-आठ हेक्टर गेलं.

आग आमच्या धुऱ्यावरून गेली हे आम्ही त्याच रात्री सांगितलं. पंचनामा झाला, जबाब झाले, दंड भरला. राखीव जंगलात आग जाणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

त्या संध्याकाळी वनरक्षक ताई आमच्या धुऱ्यावर येऊन बसल्या. माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. भुवया करपलेल्या. मी तांब्या दिला तर हात इतके थरथरत होते की निम्मं पाणी गणवेशावर सांडलं. त्यांनी एक बूट काढला. तळवा वितळून मऊ झाला होता आणि त्यात सागाच्या पानाचे तुकडे, खडे असे रुतून बसले होते, डिंकात बसतात तसे. काडीने ते उकरत त्या नाल्याकडे पाहत होत्या. मग मला विचारलं, "ताई, हे काठचं गवत यंदा इतक्या लवकर कसं वाळलं?"

मला उत्तर येत होतं आणि बोलता येत नव्हतं. डिसेंबरची ती कुरकुरणारी सकाळ माझ्या पायांना आठवली.

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मी त्या बुटाचाच विचार करत होते. आमच्या उतारावर वारं जरा फिरलं असतं तर. त्याच आठवड्यात मी सरपंचबाईंकडे जाऊन टाकीखालचा फळा मागितला. घरकुलाची यादी तशीही वर्षभर तीच होती. त्यांनी लगेच हो म्हटलं आणि खडूचा डबाही दिला.

आगीच्या बाबतीत मला जे कळलं ते असं. उष्णतेचा इशारा तापमानाचा असतो, आग तापमानाकडे फारसं पाहत नाही. ती पाहते हवेतला दमटपणा, वारा आणि गवत. गवताची काडी इतकी बारीक की तासाभरात ती भोवतालच्या हवेइतकी कोरडी होते. मनगटाएवढ्या लाकडाला त्यासाठी चार-पाच दिवस लागतात. म्हणून सकाळी आठला दवाने ओलं असलेलं गवत दुपारी दोनला सुरुंगासारखं असतं, त्याच दिवशी, त्याच जागी. ३८ अंश तापमान मार्चमध्ये कोणाला दचकवत नाही. पण मी आता घरी एक साधा आणि एक ओल्या वातीचा असे दोन तापमापक शेजारी टांगते. साधा ३८ आणि ओला १९ दाखवत असला तर दमटपणा जेमतेम पंधरा टक्के. आमचा धुरा पेटला त्या दुपारी असंच काहीसं असणार. परदेशात कोरडी हवा, जोराचा वारा आणि वाळलेलं गवत ही तिन्ही एकत्र आली की त्या दिवसाला लाल बावट्याचा इशारा म्हणतात, तापमान किती हा प्रश्न त्यात मागे राहतो. मला आमच्या फळ्यावर तसाच दिवस लिहायचा असतो.

आपल्याकडेही काम चालू आहे, ते लोकांना माहीत नाही एवढंच. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांनी टिपलेल्या आगी वनविभागाला कळवते आहे. नवे उपग्रह पावणेचारशे मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगतात. आपल्यासारख्या कोणालाही मोबाइल नंबर नोंदवून आपल्या भागाचे संदेश मागवता येतात, मी मागवले आहेत. पण हा संदेश आग लागल्यावर येतो. आगीआधीचा इशाराही ते काढतात, तो वनविभागाकडे जातो. पोळणार कोणतं शिवार, तिथल्या माणसांनी त्या दुपारी काय करू नये, हे शेवटी गावातच सांगावं लागतं. वणव्याचा हंगाम महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा त्याआधी व्हाव्या लागतात. मी आमच्या फळ्यावर १ फेब्रुवारीपासूनच लिहायला लागते, आणि ज्या वर्षी दवाळ गेला असेल त्या वर्षी नाल्याच्या गवताबद्दल जानेवारीतच.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते मोहफुलं वेचणाऱ्या बायांशी. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटे गळतात. खाली पाला असला तर दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत आहे. वणव्याला त्याच जबाबदार, असं शहरातून आलेली माणसं चटकन बोलून जातात. त्या बायांबरोबर पहाटे चारला टोपली घेऊन एकदा जाऊन पाहावं. दोन महिन्यांची मिठा-मिरचीची सोय त्या फुलांवर असते. आमच्या गावातल्या सात-आठ जणी आता झाडाखाली जुनी लुगडी आणि बगीच्यातली फाटकी हिरवी जाळी अंथरतात. फूल स्वच्छ राहतं, माती लागत नाही, वेचायला वेळही कमी. बाकीच्या अजून पाला पेटवतात. त्यांनीच मला सांगितलं, "वारं कधी उठन ते तेवढं लेही वो फळ्यावर, आमी झाडून घेऊ त्या दिवशी." तेव्हापासून सकाळच्या वाऱ्याची वेगळी ओळ असते.

माझं चुकलंही आहे. मागच्या हिवाळ्यात लागोपाठ तीन रात्री दवाळ लिहिला आणि तिन्ही रात्री उत्तररात्री ढग आले. माणसं रात्री बाराच्या लाइनला उठून ओलित करत बसली होती. तिसऱ्या दिवशी फळ्यासमोर दोघे-तिघे चांगलेच रागावले. त्यांचं खरं होतं, झोपही गेली आणि पाणीही. तेव्हापासून मी एक शब्द जास्त लिहिते: "ढग आले नाहीत तर". आणि रात्री साडेअकराला अंगणात येऊन आभाळ पुन्हा पाहते. फिरलं असेल तर गावच्या ग्रुपवर आवाज टाकते. लिहिलेला संदेश त्या वेळी कोणी वाचत नाही, आवाज ऐकतात.

वहिनींना हे सगळं सांगायचं होतं. मोबाइलवर येतं ते मी रोज वाचते, पहिलं तेच वाचते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण तो इशारा जिल्ह्यावर येतो, आणि आमच्या जिल्ह्यात चिखलदऱ्याचा अकराशे मीटरचा डोंगर आहे आणि दर्यापूरची सपाट काळी जमीनही आहे. तिथून पुढचं अंतर, म्हणजे जिल्ह्यापासून त्या कडुलिंबापर्यंतचं, मला खडूने चालावं लागतं. आणि डिसेंबरच्या थंडीचा इशारा आणि मार्चच्या उन्हाचा इशारा हे वेगवेगळ्या दिवशी येतात, मधल्या अडीच महिन्यांत नाल्याकाठी उभं वाळत राहिलेलं गवत कोणाच्याच इशाऱ्यात नसतं. ते जाऊन हाताने पाहावं लागतं.

यंदा जानेवारीत दोन रात्री खालच्या तापमापकावर शून्य होतं. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी ओलित झालं होतं. त्या आठवड्यात लाइन दिवसाची होती, हे नशीब. तूर बहुतेक वाचली, नाल्याच्या टोकाची चार तासं गेली. काठचं गवत मात्र गेलंच, त्याला कोण ओलित करणार. म्हणून मागच्या सोमवारपासून आम्ही सहा-सात जण रोज सकाळी दव असेतोवर ते विळ्याने कापतो आणि भारे करून घरी नेतो, ढोरांच्या खाली अंथरायला. वनरक्षक ताई परवा तिकडून जाताना थांबल्या, दोन भारे बांधायला त्यांनी हात लावला. भासरे सत्तरीचे झाले तरी रोज येतात, कोणाशी बोलत नाहीत, त्यांचा भारा सगळ्यात मोठा असतो.

परवा १५ फेब्रुवारी, वणव्याचा हंगाम लागतो. पुलाच्या वरच्या अंगाची साठ-सत्तर हातांची पट्टी राहिली आहे. उद्या सहाला निघायचं ठरलं आहे, गावातल्या कोणाला यायचं असेल तर विळा आपापला आणा.